बाकावरचा गुन्हा, जावयाची शिक्षा

पडदा वर जातो तेव्हा दिवे आधीच लागलेले आहेत. तीन मोठे आरसे, तीन फिरत्या खुर्च्या, भिंतीलगत गिऱ्हाइकांसाठी एक लांब बाक, आणि बाकाच्या वर लाकडी चौकटीत संघाचा फोटो. फोटोत दणकट माणसांची रांग आहे, प्रत्येकाच्या हातात टोकाला जाळी लावलेली काठी आहे आणि मधोमध हाताची घडी घालून एक मिशाळ गृहस्थ बसलाय. तोच गृहस्थ आत्ता पहिल्या खुर्चीपाशी वस्तरा परजत उभा आहे. मिशा पांढऱ्या झाल्या, बाकी ऐट तीच. यांना सगळी गल्ली मामा म्हणते. सलून मामांचं, वरचं घर मामांचं, आणि गल्लीतल्या दुकानदारांचा लॅक्रॉसचा, म्हणजे जाळीच्या काठीने चेंडू झेलत गोल करायच्या खेळाचा, संघही मामांचाच.

दुसऱ्या खुर्चीपाशी मामांचा मुलगा. त्याचं खरं नाव त्याच्या आईला तेवढं आठवत असेल. बाकीच्यांसाठी तो भोंगा. त्याने "पुढचा!" अशी हाक मारली की समोरच्या बेकरीतला माणूसही दचकून उठायचा.

आणि तिसरी खुर्ची अगदी आत, जिथे रस्त्याचा उजेड पोचता पोचता दमतो. तिथे वाकून एका गिऱ्हाइकाच्या मानेवरचे केस कातरतोय तो मामांचा जावई. दुकानात कामाला म्हणून आला, मामांच्या मुलीशी लग्न झालं, वरच्या मजल्यावर मागच्या खोलीत संसार थाटला. गल्लीने त्याला घरजावई ही पदवी दिली आणि पुढे वेळ वाचवायला नुसतं जावई म्हणू लागली. माणूस अबोल. "न्हावी असून गप्प!" लोक म्हणायचे. "याच्याकडे केस कापले की एक बातमी कळत नाही. डोकं हलकं होतं, पण रिकामंच राहतं."

खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने आरशात बघत गाल खाजवला. "आता दाढीही उरकून टाक."

"दाढी तिकडे," जावई कात्रीने दुसरी खुर्ची दाखवत म्हणाला. "त्याचा हात हलका आहे."

भोंग्याने मान वर केली, एकवार मेहुण्याकडे पाहिलं आणि गरजला, "या साहेब! आमच्या भावजींना नुसती झाडं छाटायची आवड. गवत काढायचं आमच्याकडे."

सगळे हसले. जावईही हसला. हसताना त्याने उजवा हात एप्रनच्या खिशात घातला.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तसं चाललं होतं ते. गेल्या मोसमात वखारवाल्यांच्या संघाशी सामना होता. त्यांच्याकडे बचावाला ओंडका नावाचा एक गडी होता. दिवसभर वखारीत लाकडं उचलायची आणि सुट्टीच्या दिवशी माणसांवर धावून जायचं. लॅक्रॉसमध्ये बचाव करणाऱ्यांना लांब काठी घ्यायची मुभा असते, आणि समोरच्याच्या काठीवर काठी हाणून चेंडू पाडणं नियमात बसतं. ओंडक्याने नियमातच हाणली होती. पण काठी घसरली आणि हातमोजा संपतो तिथे, कोपराचं कवच सुरू होण्याआधी जी उघडी जागा असते, नेमकी तिथे बसली. जावयाचं उजवं मनगट मोडलं.

हाड जुळलं. डॉक्टरांनी मनगट फिरवून बघितलं, छान म्हणाले. पण हाडाबरोबर भीती जुळली ती वाकडी जुळली. कात्री चालायची, कंगवा चालायचा. वस्तरा हातात घेतला, की मनगट थरथरायला लागायचं. ज्याचं हातावर पोट, त्याला हाताचीच धास्ती! काठी पुन्हा एकदा तिथेच बसली तर कात्रीही जाईल, कात्री गेली की खुर्ची जाईल, आणि मामांच्या दुकानात खुर्ची नसलेल्या जावयाचं मामांच्या घरात काय काम? हा हिशोब तो रोज आरशासमोर उभा राहून करायचा.

मामांना यातलं काही माहीत नव्हतं. मामांची नजर नेहमी रस्त्याकडे, आणि तोंड नेहमी चालू.

आत्ताही चालू होतं. त्यांच्या खुर्चीत मान मागे टाकून बसले होते ते पंच. निवृत्त मास्तर. उद्याच्या अंतिम सामन्यात शिट्टी त्यांच्याच तोंडात असणार होती. मामा त्यांच्याशी मैदानावर कडाकडा भांडायचे आणि सलूनमध्ये त्यांची दाढी लोण्यासारखी करायचे.

"उद्या जरा डोळे उघडे ठेवा, मास्तर."

"वस्तरा गळ्यावर असताना मी नेहमी तुमच्याच बाजूने असतो," पंच ओठ न हलवता म्हणाले. "उद्या तो हातात नसेल. तेव्हा तुम्ही रेषेच्या मागे राहा आणि या तुमच्या भोंग्याला बूच लावून आणा. नाहीतर पुन्हा बिचाऱ्या जावयाला बसवावं लागेल."

"बसेल की! घरजावई बसणार नाही तर कोण बसणार?"

पुन्हा हशा. आता या विनोदामागचा नियम सांगायला हवा, कारण गोष्ट त्याच्याच खुंटीला टांगलेली आहे. मैदानावरच्या खेळाडूने आगळीक केली तर तो स्वतः बाहेर जाऊन शिक्षेच्या खुर्चीत बसतो, आणि तेवढा वेळ त्याचा संघ एक माणूस कमी घेऊन खेळतो. पण आगळीक बाकावर बसलेल्या राखीव गड्याने केली, किंवा रेषेबाहेर नाचणाऱ्या प्रशिक्षकाने केली, तर? तो आधीच बसलेला आहे. बसलेल्याला 'बस' म्हणणं ही कसली शिक्षा? म्हणून सामन्याआधीच प्रत्येक संघाने आपल्या आक्रमणातल्या एका गड्याचं नाव टेबलावर सांगून ठेवायचं असतं. त्याला म्हणतात इन-होम. बाकावर कोणीही तोंड सोडलं, की गुन्हा लागतो त्याला आणि बसतो इन-होम. चोर सोडून संन्याशाला सुळी! फरक इतकाच, की इथे संन्यासी कोण ते आधीच ठरलेलं असतं.

इन-होम म्हटल्यावर मामांच्या संघाने त्याचं मराठी करायला कितीसा वेळ लागणार? इन-होम म्हणजे घरजावई. मग शिक्षेच्या खुर्चीचं नाव आपोआप सासुरवाडी पडलं. भोंगा किंवा मामा काहीतरी बरळायचे, शिट्टी वाजायची, आणि प्रेक्षक ओरडायचे, "निघाले, निघाले, जावई सासुरवाडीला निघाले!" तो खाली मान घालून चालत जायचा. बायका हळहळायच्या. "देवमाणूस आहे हो. बाप-लेकांनी करायचं आणि याने भरायचं."

देवमाणसाच्या पोटातली गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती. मनगट मोडल्यापासून त्या खुर्चीइतकी सुखाची जागा त्याला जगात दुसरी नव्हती. तिथे कोणी काठी उगारत नाही. शिट्टी वाजली की त्याच्या छातीवरचा दगड उतरायचा, आणि तो उतरलेला कोणाला दिसू नये म्हणून तो मान खाली घालायचा.

संध्याकाळी मागच्या खोलीत चहाचा कप बशीवर किणकिणला तेव्हा बायकोने त्याच्या हातातून कप काढून घेतला. तिच्यापासून काय लपणार?

"अहो, सांगून टाका ना बाबांना."

"सांगीन."

"कधी? हात पुन्हा मोडल्यावर?"

"हळू बोल. भिंती पातळ आहेत."

"माझे बाबा वाघ नाहीत."

"तुझ्यासाठी नाहीत," तो म्हणाला.

ती हसली नाही. तिने त्याचं मनगट आपल्या मांडीवर घेतलं आणि खाली रस्त्यावर कोणाच्या तरी दुकानाचं शटर पडेपर्यंत धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मैदानाच्या कडेला माणूस मावत नव्हता. टेबलापाशी वेळ आणि गोल टिपायला एक बाई बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "इन-होम?"

"घरात कोण बसतं, बाई?" मामा मिशीला पीळ देत म्हणाले. "लिहा, घरजावई."

दोन्ही संघ मैदानात आले. जावयाने मोजा इतका घट्ट बांधला होता की बोटांना मुंग्या आल्या. समोरून लांब काठी खांद्यावर टाकून ओंडका चालत आला. एवढा मोठा माणूस, आणि आवाज मात्र गोगलगाईसारखा मऊ.

"हात कसा आहे आता?"

बिचाऱ्याने खरंच चौकशी केली होती. वर्षभर त्यालाही टोचणी लागलेली असणार. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस. जावयाला ऐकू आलं ते वेगळंच: हात कसा आहे, अजून जागेवर आहे का?

"बरा आहे," तो म्हणाला. त्याचा स्वतःचाच आवाज त्याला विंगेतून आल्यासारखा वाटला.

शिट्टी झाली. जावई पळत राहिला. चेंडू त्याच्याकडे आला की तो जाळीत येतो न येतो तोच दुसऱ्याला देऊन टाकायचा, जणू काही तापलेलं भांडं. लोकांना वाटलं, काय वेगवान पास! मामा टाळ्या पिटत होते. "असं! असं देत राहा, जावईबापू!" त्याला मात्र आपल्या मागे गवत चिरडत येणारे बूट सोडून काही ऐकू येत नव्हतं.

पहिली शिट्टी मामांनी मिळवली. एका गोलावरून वाद घालता घालता ते रेषा ओलांडून थेट आत शिरले. पंचांनी बोट दाखवलं: बाकाची आगळीक, इन-होम बाहेर.

"निघाले, निघाले!"

जावई खुर्चीत बसला. श्वास पोटापर्यंत गेला. पण या सुखालाही एक खुंटा होता. असल्या किरकोळ शिक्षेत समोरच्यांनी गोल केला, की शिक्षा तिथेच संपते आणि बसलेल्याला परत आत जावं लागतं. त्यामुळे आपला गोल वाचावा म्हणून त्या मैदानावर सगळ्यात कळवळून देवाला विनवत असेल तर तो जावई. टेबलावरच्या बाईंनी त्याचे हलणारे ओठ पाहिले आणि शेजारणीला म्हणाल्या, "बघा, संघासाठी किती जीव तुटतो याचा."

वेळ संपली. तो परत आत गेला.

दुसऱ्यांदा तो गोलाच्या मागे कोपऱ्यात अडकला होता. चेंडू त्याच्याच जाळीत, देण्यासारखा गडी कोणी मोकळा नाही, आणि ओंडका दोन्ही हातांत काठी धरून तिरका येत होता. त्या क्षणी बाकावरून भोंगा वाजला.

"ओ मास्तर! चष्मा घरी विसरलात की शिट्टीबरोबर गिळलात?"

शिट्टी. प्रेक्षकांत खसखस. मामांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे गाढवा, चेंडू आपल्याकडे होता!"

"तोंडातून गेलं, बाबा."

"तोंड आहे का नळ?"

जावई पुन्हा सासुरवाडीला. देवाचे आभार, त्याने मनात म्हटलं, आणि लगेच लाज वाटली म्हणून आणखी खाली मान घातली. यावेळी वखारवाल्यांनी गोल केला. बाईंनी हात हलवला. "सुटलात! जा."

सुटलात म्हणे!

शेवटचा डाव सुरू झाला तेव्हा दोन्ही संघ बरोबरीत होते. आता आवाज असा उठत होता की कोणाचं कोणाला ऐकू येत नव्हतं. जावयाची बोटं मोज्यात गार पडली होती. बाजूच्या रेषेजवळ त्याला चेंडू मिळाला. डावीकडे रेषा, उजवीकडे वखारीचे दोन गडी, आणि समोर ओंडका. ओंडक्याने काठी उचलली. जावयाला ती काठी फार सावकाश वर जाताना दिसली. तिच्या कडेवरचा निघालेला रंग दिसला, ओंडक्याच्या कपाळावरचा घाम दिसला, आणि त्याने डोळे मिटले. खेळणाऱ्याने जे कधी करू नये ते केलं: काठी सोडून उजवा हात छातीशी ओढून घेतला.

बाकावरून पाण्याची बाटली भिरभिरत मैदानात येऊन आपटली. तिच्यापाठोपाठ भोंग्याची एक शिवी आली. ती इथे लिहिता येणार नाही. त्या मैदानावर मात्र ती शेवटच्या रांगेपर्यंत पोचली, इतकी की एका म्हाताऱ्याने आपल्या कानातलं यंत्र काढून ठेवलं.

शिट्टी किंचाळली. पंच लाल होऊन बाकाकडे आले.

"बास! बाहेर. मैदानाच्या बाहेर, फाटकाच्या बाहेर. आणि ही शिक्षा मोठी आहे, गोल झाला तरी सुटका नाही. इन-होम, बसा."

मामा पांढरे पडले. "मास्तर, पोरगं आहे..."

"पोरगं? दोन मुलांचा बाप आहे तो. तुम्ही एक शब्द बोललात तर तुमचीही भर घालीन, आणि तीही तुमच्या जावयालाच भोगावी लागेल."

मामा रेषेमागे सरले. लोक मात्र भोंग्यावर तुटून पडले. "घात केलास रे! वखारवाल्यांनी विकत घेतलंय का तुला?" भोंगा टॉवेल खांद्यावर टाकून, कोणाकडे न बघता निघाला. फाटकाची वाट शिक्षेच्या खुर्चीमागून जात होती. तिथे तो बुटाची नाडी बांधायला म्हणून वाकला.

"भावजी," तो म्हणाला. भोंग्याचा एवढा हळू आवाज जावयाने जन्मात ऐकला नव्हता. "माझ्याकडच्या शिव्या संपल्या. आता पुढचं तुमचं तुम्ही बघा."

जावयाला आधी अर्थच लागला नाही. "म्हणजे?"

"म्हणजे काय? वर्षभर तुमच्या गिऱ्हाइकांच्या दाढ्या कोण करतंय? मला काय दिसत नाही? तो ओंडका तुमच्या अंगावर आला, की मी वाजायचो. तुम्ही बसलात की जरा जीवात जीव यायचा."

"तू मुद्दाम..."

"ताईला सांगू नका. तिला वाटतं मी जन्मजात मूर्ख आहे. तेवढं बरं आहे." नाडी बांधून तो उठला, आणि जाता जाता सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "बसा भावजी, सासुरवाडीला पाहुणचार घ्या!"

फाटक वाजलं.

जावई खुर्चीत बसून राहिला, पण खुर्ची आता पूर्वीची नव्हती. इतके दिवस दुसऱ्याचं पाप आपण भोगतो असं लोक म्हणत होते आणि तोही मनातल्या मनात ते खरं धरून चालला होता. आणि इथे त्याच्या भीतीपायी त्याचा मेहुणा सगळ्यांच्या शिव्या खात फाटकाबाहेर उभा होता. आता भीती एक राहिली नव्हती. समोर ओंडक्याची होती, बाजूला मामांची होती, आणि या दोघींच्या मधून एक तिसरी डोकं वर काढत होती: आपण असेच गप्प बसलो, तर पुढच्या वेळी आपल्यासाठी कोणाला बाहेर जावं लागेल?

एका गड्याने कमी पडलेल्या संघावर वखारवाल्यांनी एक गोल चढवला. तो बसूनच होता. मग बाई म्हणाल्या, "वेळ झाली. जा."

तो उठला. मैदान समोर होतं. ओंडका काठी टेकून त्याचीच वाट बघत असल्यासारखा उभा होता. जावई वळला आणि उलट्या दिशेने, बाकाकडे चालू लागला.

"अहो, मैदान तिकडे!" मामा ओरडले. "जावईबापू! डोकं ठिकाणावर आहे का? एक गोल हवाय! तिकडे!"

त्याने दातांनी मोज्याची नाडी सोडली, मोजा काढून गवतावर टाकला, आणि उजवा हात मामांच्या नाकासमोर धरला. हात पानासारखा हलत होता.

"मामा, हे बघा."

"काय बघू? आत्ता? सामना..."

"मला दाढी करता येत नाही. मनगट मोडल्यापासून एकही केली नाही. वस्तरा धरला की असं होतं. तो समोर आला की असं होतं. मला भीती वाटते, मामा. रोज वाटते. तुमची पण वाटते."

लग्नानंतर मामांशी तो एका दमात इतकं कधी बोलला नव्हता. मामांनी तोंड उघडलं. मिशा हलल्या. शब्द नाही. चाळीस वर्षं त्या तोंडाला रिकामं कोणी पाहिलं नव्हतं. बाकावरचे गडी सामना सोडून त्यांच्याकडेच बघू लागले. मामांनी त्या हाताकडे पाहिलं, मग फाटकाकडे पाहिलं, जिथे गजांमधून भोंग्याचे दोन डोळे दिसत होते. काय समजायचं ते समजले असावेत.

"बेकरीवाले," ते शेवटी घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तुम्ही जा आत."

"मी? माझा गुडघा..."

"गुडघ्यासकट जा."

सामना एका गोलाने गेला.

त्या संध्याकाळी घरात जेवणं झाली ती ताट-वाट्यांच्या आवाजात. भोंगा ताटात डोळे घालून जेवला. मामा उठले आणि खाली सलूनमध्ये जाऊन बसले. जिन्यावरून वस्तरा चामड्यावर घासल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मागच्या खोलीत जावई आणि त्याची बायको तो आवाज ऐकत होती.

"काय करतायत?" त्याने विचारलं.

"धार लावतायत."

"कशाला?"

"मला काय माहीत," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा तिच्याही आवाजात काहीतरी हललं. "उद्या सांगतील. जा म्हणाले तर जाऊ. कात्री तर कुठेही चालते."

सकाळी तो खाली उतरला तेव्हा त्याने आपल्या दोन कात्र्या आणि कंगवे कपड्यात गुंडाळून बरोबर घेतले होते. जा म्हणाले तर तिथूनच निघता यावं म्हणून. दुकान उघडं होतं. बाकावर पंच बसले होते, खुंट वाढलेले. त्यांच्या शेजारी भोंगा, चोरासारखा अंग चोरून. मामा दाराजवळच्या आपल्या खुर्चीपाशी नव्हते. ते आतल्या, कमी उजेडाच्या, तिसऱ्या खुर्चीत बसले होते. गळ्याभोवती कापड आपणच बांधून घेतलं होतं. समोरच्या फळीवर साबणाचा ब्रश, गरम पाणी, आणि रात्री धार लावलेला वस्तरा.

"मास्तर थांबतील," मामा आरशातून म्हणाले. "आधी माझी करा."

जावयाच्या काखेतली पुरचुंडी खाली पडली. आतल्या कात्र्या खळखळल्या.

"मामा, नको."

"का नको?"

"हात बघितलात ना तुम्ही."

"हात बघितला. तो तुमच्या मेहुण्यालाही दिसला होता, वर्षभर आधी. दिसला नाही तो मला, आणि माझी खुर्ची इथून चार पावलांवर." मामांनी मान मागे टाकली. "वस्तऱ्याखाली परक्यांची मान येते म्हणून भीती वाटते. आज घरचीच मान घ्या. कापलं तर बोंब मारायला घरचंच कोणीतरी असेल."

"बाबा, मी बसतो हवं तर," भोंगा अर्धवट उठत म्हणाला. "माझी मान जरा जाड आहे..."

"खाली बसा," पंच म्हणाले. "बाकावरून आवाज आला तर शिक्षा तुमच्या भावजींनाच होते, कालच पाहिलंत."

भोंगा बसला. त्याने दोन्ही तळवे तोंडावर दाबून धरले.

जावयाने फेस लावला. ब्रश चालला, ब्रशाला धार नसते. मग वस्तरा उचलला, आणि मनगट लागलं हलायला. पात्यावरचा उजेडाचा ठिपका छतावर नाचत होता. त्याने डाव्या हाताने मामांचा गाल ताणला. बोटांखाली त्याला काहीतरी धडधडताना लागलं. आधी त्याला वाटलं आपलीच नाडी आहे. मग आरशात पाहिलं तर मामांनी खुर्चीचे दोन्ही हात इतके आवळून धरले होते की बोटांची पेरं पांढरी पडली होती, आणि मिटलेल्या पापण्या लुकलुकत होत्या.

मामा घाबरले होते. पन्नास माणसांसमोर पंचांच्या अंगावर जाणारे मामा, आपल्याच दुकानात, आपल्याच जावयाच्या हाताखाली घाबरून बसले होते. आणि उठत नव्हते.

जिन्याच्या खालच्या पायरीवर बायको येऊन उभी राहिली होती. बाहेर रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली. जावयाने ती जाऊ दिली. मग मनगट छातीशी टेकवून स्थिर केलं, श्वास सोडला, आणि कानशिलापासून खाली पहिली रेघ ओढली. फेस बाजूला झाला. खाली गुलाबी कातडी, रक्त नाही. वस्तरा पुसला. दुसरी रेघ. वस्तरा हलत होता, पण हातही त्याच्याबरोबर हलायला शिकत होता. गाल झाला, दुसरा गाल झाला. राहिला गळा.

"मी घाबरलोय असं समजू नका हं," मामा डोळे मिटूनच बोलू लागले, आणि त्यांच्या गळ्याची घाटी पात्याखाली वरखाली झाली. "मला काय, मी तर लहानपणापासून वस्तऱ्याच्या..."

जावयाने वस्तरा जागच्या जागी थांबवला. सासऱ्यांच्या हनुवटीखाली बोट घालून ती वर उचलली, आणि त्या दुकानात त्याने पहिल्यांदाच कोणाला तरी हुकूम केला.

"मामा, आता गप्प बसा. भीती माझी आहे, पण गळा तुमचा आहे."